पहिली फेरी सेनानायकाची
एअर कमोडोर मेहरसिंग यांचे स्मरण

युद्धकथा वाचताना शत्रूची किती विमाने पाडली, याकडेच आपले लक्ष प्रथम जाते. परंतु किती माणसे जगविली, या हिशेबानेही ज्यांचे मोठेपण मोजावे लागते, असे काही वैमानिक असतात. एअर कमोडोर मेहरसिंग हे त्यांपैकी एक होत. सहकारी त्यांना आदराने ‘मेहरबाबा’ म्हणत. महाराष्ट्राला परिचित असलेले अहमदनगरचे मेहेरबाबा निराळे, हे येथे सांगितले पाहिजे.

मेहरसिंगांचा जन्म २० मार्च १९१५ रोजी लायलपूर येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील फैसलाबाद येथे झाला. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिक्षण घेऊन १९३६ मध्ये ते नव्यानेच स्थापन झालेल्या भारतीय वायुसेनेत दाखल झाले. वायव्य सरहद्दीवर जमिनीवरून झालेल्या गोळीबारात त्यांचे वापिटी विमान निकामी झाले, तेव्हा ते डोंगराळ शत्रुप्रदेशात उतरवून आपल्या साथीदारासह ते अंधारातून सुखरूप परतले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सहाव्या स्क्वाड्रनचे प्रमुख म्हणून त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर टेहळणीचे अत्यंत जोखमीचे काम केले. त्याबद्दल १९४४ मध्ये त्यांना ‘डी. एस. ओ.’ हा सन्मान मिळाला. भारतीय वायुसेनेत तो मिळविणारे ते एकमेव अधिकारी ठरले.

त्यांची खरी कसोटी मात्र स्वातंत्र्यानंतर लागली. १९४७ च्या अखेरीस पूंछ शहराला टोळीवाल्यांनी वेढा घातला होता. आत मोजकी सेना आणि आश्रयास आलेले सुमारे ४०,००० निर्वासित अडकले होते. रस्ते तुटलेले, धान्य संपत आलेले. सैनिकांनी आणि निर्वासितांनी मिळून हातांनी माती उपसून एक आखूड धावपट्टी तयार केली. तिच्या तीन बाजूंना ओढे आणि भोवती डोंगर होते. अशा ठिकाणी पहिले डाकोटा विमान कोणी उतरवावे? मेहरसिंगांनी तो प्रश्न इतरांसमोर ठेवलाच नाही. एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी यांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःच विमान उतरविले. पुढे शत्रूच्या तोफा धावपट्टीवर आग ओकू लागल्या, तेव्हा तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, रात्रीच्या वेळी, प्रत्युत्तरासाठी लागणाऱ्या तोफा पोहोचविण्यात आल्या. येताना धान्य व दारूगोळा, जाताना जखमी आणि निर्वासित, असा हा क्रम चालला. सुमारे वर्षभराच्या वेढ्यात पूंछ तगले, ते या हवाई दोरीच्या आधारावर.

१९४८ च्या उन्हाळ्यात लेहवर तेच संकट आले. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिक लोकांच्या श्रमातून सिंधूकाठी, १०,००० फुटांहून अधिक उंचीवर, धावपट्टी सिद्ध केली होती. परंतु वाटेत हिमालयाच्या रांगा होत्या. डाकोटामध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, मार्गाचे भरवशाचे नकाशे नव्हते आणि तेथे पूर्वी कोणी उतरलेही नव्हते. २४ मे रोजी मेजर जनरल थिमय्या यांना शेजारी बसवून मेहरसिंगांनी ते विमान लेहला उतरविले. मार्ग शक्य आहे हे सिद्ध होताच सैनिक व रसद घेऊन इतर विमाने निघाली आणि लेह वाचले.

त्याच वर्षी त्यांनी वायुसेना सोडली. पुढे महावीर चक्राने त्यांचा गौरव झाला. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना त्यांचे विमान वादळात सापडले आणि वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, सदतिसावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले.

२०१८ मध्ये भारतीय वायुसेनेने आपत्तिग्रस्तांपर्यंत मदत पोहोचविणाऱ्या ड्रोनसमूहांसाठी एक स्पर्धा सुरू केली आणि तिला ‘मेहरबाबा’ हे नाव दिले. अडकलेल्या माणसांपर्यंत आकाशातून अन्न पोहोचविणाऱ्या सेनानायकाचे याहून उचित स्मारक कोणते असावे? आज्ञा देण्याचा अधिकार पदाने मिळतो. ती मनापासून पाळली जावी, यासाठी मात्र देणाऱ्याने आधी स्वतः त्या वाटेने जावे लागते. घर असो, संस्था असो वा रणभूमी, हा नियम सर्वत्र सारखाच आहे.