निकोप चुरस : माध्यमिक शाळांतील स्पर्धा आणि स्नेह

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे एकाच घरातून वेगळे निघालेल्या भावंडांसारखे आहेत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातील काही तालुके व विलीन संस्थानांचा प्रदेश मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. शिक्षणाची ओढ हा दोघांचा समान वारसा होय. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. आज या दोन्ही जिल्ह्यांत लहान गावांतूनही माध्यमिक शाळा आहेत, आणि शाळा तेथे वर्गमित्रांमधील अभ्यासाची चुरसही आहे. ही चुरस कोणत्या वाटेने जावी, हा प्रश्न शिक्षकांइतकाच ग्रामपंचायतींनाही विचारात घ्यावा लागेल असा आहे.

चुरशीचे दोन प्रकार

सोबतीने काम केल्यास हुरूप वाढतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा इतरांबरोबर धावणारा स्वार अधिक वेगाने जातो, असे त्यांना आढळले. तथापि प्रत्येक चुरस सारखीच हितकारक नसते. मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये यातील भेद स्पष्ट केला. एकाचे यश दुसऱ्याच्या अपयशावर अवलंबून असेल, तर माणसे एकमेकांपासून माहिती लपवू लागतात. यश एकमेकांशी जोडलेले असेल, तर ती एकमेकांना साहाय्य करतात.

हा भेद आपल्या शाळांना लावून पाहावा. दहावीच्या परीक्षेत एका विद्यार्थ्यास गणितात नव्वद गुण मिळाले म्हणून त्याच्या मित्राचे गुण कमी होत नाहीत. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत जागा मर्यादित असतात हे खरे. परंतु तेथेही स्पर्धा असते ती जिल्ह्यातील हजारो विद्यार्थ्यांशी, शेजारच्या बाकावरील मित्राशी नव्हे. मित्रास एक उदाहरण समजावून दिल्याने आपली संधी जवळजवळ घटत नाही. उलट समजावताना आपलेच ज्ञान पक्के होते. एकाने जिंकावे व दुसऱ्याने हरावे अशी स्थिती परीक्षा निर्माण करीत नाही. ती निर्माण होते वर्गात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या क्रमांकाने आणि घरात होणाऱ्या तुलनेने.

आगरकर आणि टिळक

कराडजवळच्या टेंभू या गावी १८५६ च्या जुलै महिन्यात गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. त्याच महिन्यात रत्नागिरीस बाळ गंगाधर टिळक जन्मले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोघे एकत्र आले. देशासाठी काय करावे यावर त्यांचे तासन्तास वाद होत. या वादांतून उभे राहिले ते कार्य : १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवसांची शिक्षाही एकत्र भोगली. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद विकोपास गेले आणि १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढले. हा दुरावा कटू होता. तरीही १८९५ मध्ये आगरकर निवर्तले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. समान ध्येय होते तोवर या दोघांच्या चढाओढीने संस्था उभारल्या, एवढा बोध येथे पुरेसा आहे.

क्रमांकाचे ओझे

क्रमांकास अवास्तव महत्त्व देण्याचे तोटे जगात अन्यत्रही ओळखले गेले. केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या परीक्षेतील पहिल्या विद्यार्थ्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. १८९९ मध्ये कोकणातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हा मान मिळविला. परंतु गुणानुक्रम जाहीर करण्याची ती प्रथा विद्यापीठाने १९०९ नंतर बंद केली. आपल्या राज्य मंडळानेही दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या प्रसिद्ध करणे कालांतराने थांबविले. मात्र याद्या गेल्या आणि त्यांची जागा चौकाचौकांतील फलकांनी घेतली. ज्याचे छायाचित्र फलकावर नाही, त्या मुलाची वा मुलीची प्रगती जणू झालीच नाही, असा समज त्यातून पसरतो. पंचेचाळीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आलेल्या मुलीला तिचे श्रम कोणी ओळखलेच नाहीत असे वाटले, तर दहावीनंतर तिचे शिक्षण थांबविण्याचा निर्णय घरात सहज घेतला जातो.

शिक्षक व पंचायती काय करू शकतील?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. शिक्षकांनी वर्गाचे चार-पाच जणांचे अभ्यासगट करावेत. प्रत्येक गटात सर्व पातळ्यांचे विद्यार्थी असावेत आणि चाचणीनंतर गटाची एकूण प्रगती मोजावी. अशा वेळी हुशार विद्यार्थ्याची चुरस कायम राहते, पण मागे पडलेल्या मित्राला पुढे नेणे हाही त्या चुरशीचा भाग होतो. विद्यार्थ्याचे गुण त्याच्या मागील गुणांशी ताडून पाहावेत व वैयक्तिक त्रुटी खाजगीत सांगाव्यात.

ग्रामपंचायतींनी गुणगौरव समारंभात पहिल्या तीन क्रमांकांबरोबरच सर्वाधिक प्रगती करणाऱ्या विद्यार्थ्याचा आणि उत्तम अभ्यासगटाचाही सत्कार करावा. समाजमंदिरातील एखादी खोली, पुरेसा उजेड आणि देखरेखीस एक जबाबदार व्यक्ती एवढ्यावर सायंकालीन अभ्यासिका चालू शकते. मुलींच्या परतण्याच्या वेळेचा विचार मात्र आधी व्हावा.

साताऱ्याच्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये कर्मवीरांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहण्यास, जेवण्यास आणि श्रम करण्यास शिकविले. सोबत्याला मागे टाकण्यापेक्षा सोबत्यासह पुढे जाण्यात अधिक पुरुषार्थ आहे, हाच त्या शिकवणीचा अर्थ. आपल्या शाळांतील चुरस या कसोटीस उतरली, तर गावाच्या गुणवंतांची संख्या निश्चितच वाढेल.