पंगत टेबलावर बसवताना

आपल्याकडे पंगत जमिनीवर बसत होती, तोवर जागेचा हिशेब कुणाला करावा लागत नसे. तो पाटच करत असे. एक पाट म्हणजे एक माणूस, पाटापुढे एक पान, दोन पाटांमध्ये थोडं अंतर. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाट मांडले की किती पानं बसतील, ते लहान मूलही मोजून सांगे. गुडघे कुरकुरायला लागले, घरं लहान झाली आणि पंगत टेबलावर चढली. पाट गेला, आणि त्याच्याबरोबर ते सोपं मापही गेलं. आता आपण दुकानदाराच्या शब्दावर चालतो. तो म्हणतो, ‘हे सहा जणांचं टेबल’. जेवायला बसल्यावर कळतं, की ते सहा जणांच्या चहाचं टेबल आहे!

म्हणून सुरुवात टेबलापासून नको, माणसापासून करू या. हाताने जेवणाऱ्या माणसाला उजवा कोपर हलवायला जागा लागते. स्टीलचं ताट साधारण बारा-तेरा इंचांचं असतं, शेजारी पाण्याचं भांडं येतं. हे सगळं धरून एका माणसाला टेबलाच्या कडेची २४ इंच, म्हणजे दोन फूट जागा हवी. हा आपला नवा पाट. हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्याही जवळजवळ तेवढीच रुंदी खातात. घरात कुणी डावखुरं असेल, तर त्याला डाव्या टोकाची खुर्ची द्यावी. म्हणजे दोन कोपरांची टक्कर होत नाही.

आता रुंदी. समोरासमोर दोन ताटं मांडायची तर अडीच फूट पुरतात. पण भाताचं पातेलं, आमटी, पोळ्यांचा डबा मध्ये ठेवून ज्याने त्याने वाढून घ्यायचं असेल, तर तीन फूट हवेत. मंगल कार्यालयातली टेबलं याहून बरीच अरुंद असतात, ती का? तिथे माणसं एकाच बाजूला बसतात आणि समोरून वाढपी फिरतो. ती सोय तिथे योग्यच आहे. पण तशी टेबलं घरी आणून दोन्ही बाजूंना माणसं बसवली, की ताटाला ताट भिडतं.

गोल टेबलाचा हिशेब परिघावर चालतो. चार फूट व्यासाच्या टेबलाचा परीघ साधारण १५० इंच, म्हणजे सहा माणसं. पाच फुटांचा १८८ इंच, म्हणजे आठ. सहा फुटांच्या टेबलाभोवती नऊ जण ऐसपैस बसतात, दहावा जरा सरकून घ्यावा लागतो. गोल टेबलाला पाय टोचणारा कोपरा नसतो आणि सगळ्यांची तोंडं सगळ्यांना दिसतात. पण लहान खोलीत ते फार जागा अडवतं.

टेबलाइतकीच महत्त्वाची टेबलामागची जागा. खुर्ची मागे सारून उठायला कडेपासून भिंतीपर्यंत तीन फूट लागतात. मागून कुणी वाढत जाणार असेल, तर चार. काठी टेकत येणाऱ्या आजोबांना बाहेर पडायच्या वाटेजवळची खुर्ची द्यावी. चाकांच्या खुर्चीसाठी अडीच फूट रुंद जागा मोकळी सोडावी आणि टेबलाखाली २७ इंच उंची आहे ना, ते आधी मोजावं.

एक उदाहरण घेऊ. घरी केळवण आहे. पाहुणे आठ, घरची माणसं चार. बहुतेक घरांत हिशेब आठांचाच होतो. घरच्या चौघांपैकी दोघी तर वाढणारच, त्या मागाहून बसतील, असं गृहीत धरलेलं असतं. शेवटी त्या बसतात, तेव्हा आमटी गार झालेली असते आणि गप्पाही संपलेल्या असतात. म्हणून मोजताना बारा मोजा.

घरचं टेबल पाच फूट लांब, तीन फूट रुंद आहे. त्याला सहा फुटांचं, अडीच फूट रुंद घडीचं टेबल टोकाला जोडलं, की लांबी ११ फूट होते. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच आणि टोकांना एकेक, असे बारा जण बसले. उरलेला फूटभर भाग सांध्याजवळच्या पायांसाठी सोडायचा, कारण तिथे कुणाचेच गुडघे मावत नाहीत. टेबल भाड्याने आणण्याआधी दोन्हींची उंची मात्र मोजा. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. दोन्हींमध्ये इंचाचा फरक असला, तरी सांध्यावर ठेवलेलं भांडं कलंडतं.

या मांडणीला १७ फूट लांब आणि नऊ फूट रुंद जागा लागते. दिवाणखाना तेवढा नसेल, तर खुशाल दोन पंगती करा. पण पहिली पाहुण्यांची आणि दुसरी घरच्या बायकांची, अशी वाटणी नको. दोन्ही पंगतींत चार पाहुणे आणि दोन घरचे बसवा, म्हणजे वाढण्याचं कामही वाटलं जातं.

राहिला टेबलक्लॉथ. त्याचं सूत्र साधं आहे : टेबलाची लांबी, अधिक दोन्हीकडे सोडायचा भाग. रुंदीचंही तसंच, आणि गोल टेबलाला व्यासाचं. जेवणाच्या टेबलावर आठ-नऊ इंच सोडणं पुरे, कारण तेवढ्या कापडाची कड मांडीला जेमतेम टेकते. त्याहून लांब कापड पायांत येतं, आणि रांगतं मूल ते धरून उभं राहू पाहतं. वर गरम आमटी असते, हे विसरू नये. जमिनीपर्यंतचं कापड फक्त बुफेच्या टेबलाला शोभतं, कारण तिथे कुणी बसत नाही.

आपल्या अकरा फुटी टेबलाची लांबी १३२ इंच. दोन्हीकडे नऊ-नऊ इंच आणि दुमडीला दोन, असे १५२ इंच झाले, म्हणजे चार मीटरला थोडं कमी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून सव्वाचार मीटर घ्या आणि धुऊन मगच शिवायला टाका. रुंदीला ५४ इंची पन्हा पुरतो. अडीच फुटी टेबलावर तो दोन्हीकडे तीन इंच जास्त लोंबेल, तेवढं चालतं. पन्हा कमी पडला, तर बरोबर मध्ये जोड देऊ नका, भांडी त्यावर डगमगतात. अख्खा पन्हा मध्ये ठेवून दोन्ही कडांना पट्ट्या जोडा.

गोल टेबलावर चौकोनी कापड टाकताना कोपऱ्यांकडे लक्ष हवं. साडेतीन फुटी गोल टेबलावर ५४ इंचांचं चौरस कापड घातलं, तर बाजूंना ते सहा इंच सुटतं, पण कोपऱ्यांना १७ इंच लोंबतं. अशा वेळी खुर्च्या दोन कोपऱ्यांच्या मध्ये मांडाव्यात.

या सगळ्याला एक मोजपट्टी, एक कागद आणि दहा मिनिटं लागतात. कागदावर आधी माणसांची नावं लिहा, आणि त्यांत वाढणाऱ्यांची नावं पहिली लिहा. टेबल आणि कापड त्यानंतर.