ओढा, खाचर, खाडी: एका जिवाची किती घरं?



राज्याचं फूल असतं, राज्याचं झाड असतं, तसा आपल्या रायगड जिल्ह्याचा स्वतःचा पक्षीसुद्धा आहे, हे तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? तिबोटी खंड्या त्याचं नाव. नदीकाठी, विहिरीच्या रहाटावर बसणारा निळा खंड्या आपण रोज बघतो, त्याचाच हा लहान भाऊ म्हणा. पण केवढा लहान! चिमणीपेक्षाही छोटा. पोट हळदीसारखं पिवळं, पाठ गर्द निळी, डोकं जांभळट, आणि चोच नि पाय लालभडक. बहुतेक पक्ष्यांना पायाला चार बोटं असतात, याला तीनच. म्हणून तिबोटी.

आपटा, कर्नाळा, पेण, महाड या पट्ट्यात हा पक्षी पहिल्या पावसाबरोबर येतो आणि पावसाळा सरला की दक्षिणेकडे निघून जातो. म्हणजे आपण भाताची पेरणी करतो तेव्हा तो आलेला असतो आणि भात कापायला निघते तोवर गेलेला असतो. तो इथं येतो ते पिल्लं वाढवायला. माहेरी बाळंतपणाला यावं तसा. फरक एवढाच की इथं नवराही बरोबर येतो आणि बिळ खणण्यापासून पिल्लांना भरवण्यापर्यंत निम्मं काम करतो.

बिळच म्हटलं आम्ही, घरटं नाही. तिबोटी झाडावर काड्या रचत नाही. सावलीतल्या ओढ्याच्या काठाला जी मातीची उभी दरड असते, तिच्यात चोचीनं आणि पायांनी हातभर लांब बोगदा खणतो. त्याच्या टोकाला चार-पाच अंडी. आता विचार करा, उन्हाळ्यात आपली माती कशी असते? कुदळ मारली तरी ठिणगी उडावी अशी. एवढ्याशा चोचीनं ती खणणार कशी? म्हणून तो पावसाची वाट बघतो. पाऊस लांबला की त्याचं घर लांबतं. आणि पावसातच ओढ्याकाठी बेडकं, लहान खेकडे, सापसुरळ्या, नाकतोडे, कोळी निघतात. पिल्लांच्या तोंडात हेच पडतं.

तेव्हा या पक्ष्याला जगवायचं तर काय काय लागतं ते मोजू या. वाहता ओढा हवा. ओढ्यावर झाडांची सावली हवी. काठाला मातीची उघडी दरड हवी, सिमेंटची नाही. पालापाचोळा हवा, कारण सापसुरळी आणि बेडूक त्यातच असतात. यातलं एक काढलं तरी बाकीची तिन्ही त्याच्या उपयोगाची राहत नाहीत. नुसतं ‘पक्षी मारू नका’ म्हणून हा पक्षी वाचत नाही. त्याला तसंही कोणी मारत नाही.

कोणी म्हणेल, मग कर्नाळ्याचं अभयारण्य आहे की! आहे, आणि आपल्याला त्याचा अभिमानही आहे. 1968 साली झालेलं ते पक्ष्यांचं अभयारण्य. दीडशेहून जास्त जातींचे पक्षी तिथं दिसतात आणि सुळक्याच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. पण ते सगळं मिळून बारा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पक्ष्याला हद्दीचे खांब कळत नाहीत आणि ओढा तर हद्दीशी थांबतच नाही. तो डोंगरातून निघतो, वाडीच्या बाजूनं येतो, आपल्या खाचरांतून जातो आणि नदीला मिळतो. म्हणजे अर्धं घर वनखात्याकडे आणि अर्धं आपल्याकडे.

आपट्याची जागाच मोठी नामी आहे. मागे कर्नाळ्याचे डोंगर, पुढे पाताळगंगा, मध्ये भाताची खाचरं. खोपोलीला टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी या नदीला मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. खाली खारपाड्याकडे गेलं की त्याच नदीला भरती-ओहोटी लागते, पाणी खारं होतं, काठाला कांदळवन सुरू होतं आणि पुढे धरमतरची खाडी. डोंगर, ओढा, खाचर, गोडं पाणी, खारं पाणी, सगळं एका दिवसाच्या चालीत. आणि यातले कितीतरी जीव एका ठिकाणी राहतच नाहीत. ऋतूप्रमाणे घर बदलतात.

वलगणीचंच घ्या. हा विषय काढला की सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पहिला जोराचा पाऊस पडतो, ओढे गढूळ होऊन धावायला लागतात आणि नदीतले मासे उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध वर चढायला लागतात. मळे, खवल्या, शिवडे. गावोगावी नावं बदलतात, ती तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. ते का चढतात? तर अंडी घालायला. खाचरातलं पाणी उथळ, कोमट, संथ. नदीच्या लोंढ्यात अंडी वाहून जातील, मोठे मासे खातील. खाचरात गवताच्या काडीला, भाताच्या बुडाला ती सुरक्षित राहतात. पिल्लं तिथलेच किडे, डासांच्या अळ्या खाऊन मोठी होतात आणि पाणी उतरताना बांधाच्या खांडीतून परत नदीला जातात.

आता आपण काय करतो? बरोबर त्या चढणीच्या दोन-तीन रात्री पाग, जाळी, बांबूचे सापळे घेऊन खांडीवर उभे राहतो. मिळतो तो प्रत्येक मासा गाभोळीनं भरलेला. गाभोळी चवीला छान लागते, हे आम्ही नाकारत नाही. पण एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, हेही तितकंच खरं. समुद्रात 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होड्या पाण्यात घालत आले. ती शिस्त जुनी आहे. खाचरातल्या माशालाही त्याच दिवसांत वीण असते, पण त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही.

मग वलगणीचे मासे खायचेच नाहीत का, असं तुम्ही विचाराल. आमचं तसं म्हणणं नाही. ज्या घरात आठवड्यातून एकदाच मासळी शिजते, त्या घराला हे सांगायचा आम्हाला अधिकारही नाही. कातकरी वाडीतल्या बाया ओढ्यातून खेकडे, मासे काढतात ते आजच्या जेवणापुरतं. त्यांच्यामुळे ओढे रिकामे झाले नाहीत. ओढे रिकामे होतात ते पाण्यात ब्लिचिंग पावडर नाही तर कीटकनाशक ओतल्यानं. त्यात मासा मरतो, त्याची पिल्लं मरतात, खेकडा, बेडूक, पाणकिडा सगळं मरतं आणि खाली तेच पाणी गुरं पितात. हे कोण करतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. त्याला हटकायचं काम गटानं मिळून करावं, एकटीनं नको. आणि आपल्या शेतापुरतं एवढं करता येईल: खांडीला सापळा लावला तर अर्धी खांड मोकळी सोडावी. काही चढतील, काही ताटात येतील.

याच्या अगदी उलट चाल जिताड्याची. जिताडा म्हणजे आपल्या रायगडचा मानाचा मासा. साहेबाला खूश करायला पूर्वी जिताडा पाठवायचे म्हणतात! वलगणीचा मासा अंडी घालायला वर चढतो, तर जिताडा त्यासाठी खाली खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या तोंडाशी जातो. पिल्लं मात्र कांदळवनाच्या मुळांत लपतात आणि तिथून निमखाऱ्या, गोड्या पाण्यात वर येतात. आणखी एक गंमत ऐका. जिताडा वयात येतो तेव्हा नर असतो आणि काही वर्षांनी तोच मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा हा बहुधा मादीच असतो. सगळे मोठे काढून खाल्ले की खाडीत उरतात ते नर.

त्याच्या पिल्लांना जपणारं कांदळवन आता कायद्यानं राखलं आहे. 2012 पासून राज्यात वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्षही आहे. पण मधल्या नदीचं काय? पाताळगंगेच्या काठाला रसायनीचा कारखान्यांचा पट्टा आहे, खोपोलीपासून शहरांचं सांडपाणी आहे आणि राज्यातल्या प्रदूषित नद्यांत तिची गणना झालेली आहे. वर खाचर चांगलं, खाली कांदळवन चांगलं आणि मधली वाट खराब, अशानं मासा जाणार कसा? घराला दोन खोल्या आहेत पण मधलं दारच चिणलेलं, तशातली गत.

आता जरा झाडाकडे वळू. राखी धनेश तुम्ही पाहिला असेल. मोठी बाकदार चोच, लांब शेपूट, उडताना खाली-वर होत जातो. धनेशाची मादी उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती लिंपून आतून दार बंद करून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. कित्येक आठवडे नर बाहेरून उंबर, वड, पिंपळाची फळं आणि किडे आणून तिला भरवतो. तो नर मेला तर आतलं सगळं कुटुंब उपाशी पडतं. सांधेदुखीवर धनेशाचं तेल चालतं अशा समजुतीपायी हे पक्षी मारले गेले आहेत. त्या तेलानं गुडघा बरा होत नाही. आणि पक्षी मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

पण त्याचा खरा अडसर वेगळाच आहे. धनेशाला ढोली लागते, आणि ती स्वतः कोरण्याएवढी ताकद त्याच्या चोचीत नाही. ढोली असते म्हाताऱ्या, आतून पोखरलेल्या झाडाला. आपण सरपणाला किंवा विकायला झाड निवडतो तेव्हा बोट कशाकडे जातं? ‘ते पोखरलेलं तोडा, नाही तरी कामाचं नाही.’ त्याच्या जागी दहा रोपं लावली तरी त्यांना ढोली पडायला दोन पिढ्या जातील. घुबड, पोपट, साळुंकी यांनाही हीच झाडं लागतात. देवराईत अशी झाडं टिकली ती देवाच्या धाकानं. बांधावरची टिकवायची तर आपल्यालाच बोलावं लागेल.

मुळात ‘कामाचं नाही’ हा शब्दच तपासायला हवा. सातबारा उतारा काढून बघा. त्यात एक शब्द असतो, ‘पोटखराबा’. पीक येत नाही ती जमीन: ओढ्याची, खडकाची, चढाची. महसुलाच्या हिशेबात ती खराब, कारण तिच्यावर सारा मिळत नाही. आणि आज आपण ज्या ज्या जिवाचं नाव घेतलं, त्यांतल्या बहुतेकांचं घर नेमकं याच पोटखराब्यात आहे. आपलंही काय काय तिथलंच आहे! पहिल्या पावसात फुटणारी शेवळं, कुरडू, टाकळा, करवंदं, पत्रावळीची पानं. पनवेलच्या आजूबाजूला आता जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. मातीचा भराव हवा, मुरूम हवा, प्लॉट हवेत. सगळ्यात आधी जाते ती हीच ‘खराब’ जमीन, कारण तिच्यासाठी भांडायला कोणी येत नाही.

भांडायची एक सरळ जागा मात्र आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. समितीत बायका एक तृतीयांशापेक्षा कमी नकोत, असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी समिती कागदावर असते आणि तिच्यातल्या बाईला आपण सदस्य आहोत हेच कळवलेलं नसतं. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: समितीत कोण आहे, आणि नोंदवही कुठं आहे? ओढा खोल करायचा, साफ करायचा ठराव आला तर तेव्हाच सांगा की काम पावसाआधी संपवा, एका काठाची माती आणि झाडं तशीच राहू द्या, दोन्ही बाजूंना दगड-सिमेंट नको.

वहीत लिहायचं काय? तुम्हाला जे माहीत आहे तेच. वलगण कुठल्या ओढ्याला चढते आणि पूर्वी कुठल्या ओढ्याला चढायची. तिबोटी पहिल्यांदा कधी ऐकू आला. त्याची बारीक, तीक्ष्ण शिट्टी आधी ऐकू येते, पक्षी मागून दिसतो. ढोलीची झाडं किती उरली. वणवा कुठून लागतो. राब भाजताना ठिणगी डोंगरावर गेली असेल तर तेही लिहा. घरातल्या आजींना बसवून विचारा, शाळेतल्या मुलीला लिहायला लावा. ओढ्याचं नाव घाला, शेजारचा गट नंबर घाला. फक्त तिबोटीचं बिळ नेमकं कुठं आहे ते बाहेर सांगू नका. फोटो काढायला येणारी मंडळी दिवसभर बिळासमोर ठाण मांडून बसतात आणि तेवढा वेळ आई-बाप चोचीत बेडूक धरून लांबच्या फांदीवर ताटकळत राहतात.