पात्यातून गळणारा उजेड

लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये कधी गेलात, तर जिन्याच्या दारावरची बाहेर पडण्याची वाट दाखवणारी पाटी जरा निरखून पाहा. पुष्कळ ठिकाणी ती पारदर्शक अॅक्रिलिकची असते. अक्षरं आणि पळणारा माणूस हिरवे चमकत असतात, बाकीची पाटी मात्र आरपार दिसते. दिवे तिच्या मागे नसतातच. वरच्या पट्टीत, अॅक्रिलिकच्या कडेला लपवलेले असतात. दसऱ्याला किंवा शिवजयंतीला घरातल्या छोट्या मावळ्यासाठी उजळणारी तलवार करायची असेल, तर तिचं निम्मं विज्ञान या पाटीत आहे.

अॅक्रिलिकचा अपवर्तनांक साधारण 1.49. आतून पृष्ठभागाकडे जाणाऱ्या किरणाने लंबाशी 42 अंशांहून मोठा कोन केला, तर तो बाहेर पडूच शकत नाही, पूर्ण परावर्तित होऊन आत परततो. कडेतून शिरलेला उजेड असा दोन्ही बाजूंवर आपटत दुसऱ्या टोकापर्यंत जातो. स्वित्झर्लंडच्या डॅनियल कोलाडॉनने 1841 च्या सुमारास पाण्याच्या वाकड्या धारेत उजेड अडकवून लोकांना चकित केलं होतं. आज समुद्राखालून वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या इंटरनेटच्या केबलही याच तत्त्वावर चालतात. केबलवाल्यांची सारी धडपड उजेड गळू नये म्हणून असते. तलवारीत तो गळायला हवा, आणि मुठीपासून टोकापर्यंत सारखा गळायला हवा.

त्यासाठी लागतो ओरखडा. पृष्ठभाग खरबरीत झाला की किरणांचे कोन बिघडतात आणि उजेड तिथून बाहेर पडतो. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे 8 किंवा 10 मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक अॅक्रिलिकचे तुकडे उरलेले असतात. त्यातून हातभर लांबीची पट्टी कापून घ्यावी. धोप ही मराठ्यांची सरळ पात्याची तलवार, तेव्हा सरळ पट्टी शोभूनही दिसते. मुठीकडच्या कडेत 5 मिलिमीटरचं भोक पाडून एलईडी बसवायचा. टोकाला अॅल्युमिनियम फॉइल लावली, तर तिथवर पोचलेला उजेड मागे फिरतो आणि कामी येतो.

मग पॉलिश पेपर, आणि इथे घाई नको. सगळं पातं एकसारखं घासलं तर मुठीजवळच बराचसा उजेड सांडून जातो आणि टोक निस्तेज राहतं. म्हणून मुठीपाशी हात हलका ठेवायचा, टोकाकडे जोर वाढवत न्यायचा. कडेला दिवे असलेल्या एलसीडी टीव्हीतही पडद्यामागच्या पारदर्शक थरावर बारीक ठिपके असतात. दिव्यांजवळ विरळ, लांब जाल तसे दाट. मुलांनी घासायच्या ऐवजी कर्कटकाने पात्यावर नक्षी कोरली तर आणखी बहार: दिवा बंद असताना पातं जवळजवळ कोरं, आणि बटण दाबताच रेघन् रेघ पेटते. मला स्वतःला हीच तलवार अधिक देखणी वाटते.

आता मूठ. हिच्यात सेल, बटण, रोधक आणि एलईडी एवढंच असतं. एलईडीला हवा तेवढा विद्युतदाब मिळाला की त्यापुढे प्रवाह झपाट्याने वाढतो आणि त्यातच तो जळू शकतो. रोधक या प्रवाहाला लगाम घालतो. तीन पेन्सिल सेलचे मिळून साडेचार व्होल्ट होतात. लाल एलईडी त्यातले सुमारे 2 घेतो. उरलेले अडीच व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअर प्रवाह, म्हणजे ओहमच्या नियमाने 125 ओहम. बाजारात 150 चा सहज मिळतो, त्यावरचे पट्टे तपकिरी, हिरवा, तपकिरी. निळा एलईडी 3 व्होल्टच्या वर घेतो, त्याला 68 ओहम पुरतो. लहान भावंडं असतील तर बटण सेल वापरू नका. गिळला गेला तर अन्ननलिका भाजते.

हे सगळं सामान लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटं मिळतं. लोअर परळहून ग्रँट रोड तिसरं स्टेशन. रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्याही तिथे खुणावतील, पण त्या दुसऱ्या तलवारीसाठी राखून ठेवाव्यात असं माझं मत आहे. मीटरभर पट्टीतले 60 दिवे पूर्ण पांढरे पेटले तर प्रत्येकी 60 मिलिअँपिअरने साडेतीन अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. पेन्सिल सेलच्या आवाक्यातलं ते काम नाही. शिवाय तिथे मायक्रोकंट्रोलरला आज्ञावली द्यावी लागते. एका एलईडीच्या तलवारीत प्रत्येक तार कशासाठी आहे, हे सातवीतलं मूलसुद्धा बोट ठेवून सांगू शकतं.

लाल आणि निळ्याच्या दाबात फरक का? निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त, म्हणून इलेक्ट्रॉनलाही जास्त उंचीवरून उतरावं लागतं. तसा पदार्थ घडवणं कठीण होतं. निक होलोन्याकने लाल एलईडी 1962 मध्ये केला. भरपूर उजेड देणारा निळा यायला जवळपास तीस वर्षं गेली आणि त्यासाठी आकासाकी, आमानो, नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. तलवार झाल्यावर एलईडीच्या दोन पायांना मल्टिमीटर लावा आणि लाल, पिवळा, निळा असे आलटूनपालटून बसवून आकडे लिहून ठेवा. एलईडी नुकता उजळू लागतो तेव्हाचा दाब आणि त्याच्या रंगाची तरंगलांबी, एवढ्या दोन गोष्टींवरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लँकच्या स्थिरांकाची ढोबळ किंमत काढतात.