पदवीआधीचा मुहूर्त

जुलै 2024 मध्ये वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा हुकूम महाराष्ट्र शासनाने काढला. तरीही पुढचे वर्ष सरते न सरते तोच आमच्या डोंबिवलीत, परिचयाच्या एका घरी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या कन्येचे शिक्षण केवळ चालून आलेले स्थळ हातचे जाईल या भयाने थांबविण्यात आले, आणि त्या वृत्ताने जो विषाद झाला त्यानेच हा मागोवा घेण्यास प्रवृत्त केले.

प्रारंभीच्या काळाविषयी विस्तार नको. कल्याणात वाढलेल्या, नवव्या वर्षी विवाह झालेल्या आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या पतीच्या आग्रहामुळे. वधूचे किमान वय 1929 च्या शारदा कायद्याने चौदा ठरले, 1949 मध्ये पंधरा आणि 1978 मध्ये अठरा झाले.

मी प्रत्यक्ष पाहिले ते त्यानंतरचे दशक. 1972 पासून कल्याणात बिर्ला महाविद्यालय होते, लोकलचा पासही परवडणारा होता. परंतु शिकलेल्या मुलीला तिच्याहून अधिक शिकलेला वर हवा आणि त्याचा हुंडाही त्याच मानाने चढा, या हिशेबापुढे बापाचे धैर्य खचे. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझ्या ओळखीच्या गिरणी कामगारांच्या घरी मुलाची फी कर्ज काढून भरली गेली, मुलीला मात्र 'उजवून टाका' असा सल्ला मिळाला. वधूवर मेळाव्यांच्या व्यासपीठांवरून, मुलीचे वय वाढले की स्थळे घटतात, असे बजावणाऱ्या प्रतिष्ठितांनी किती बुद्धिमान मुली घरी बसविल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. मी मात्र त्यांना आजतागायत क्षमा केलेली नाही. याच दशकात टंकलेखनाची परीक्षा देऊन बँकेत, विमा कार्यालयात, मंत्रालयात रुजू झालेल्या मुलींचा पगार घरी येऊ लागताच त्याच बापांना लग्नाची घाई उरली नाही, आणि पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या त्या मुलींना चाळीत जो मान मिळे तो आज पदवीधर कन्येलाही मिळताना दिसत नाही.

कारण आता पदवी ही परिचयपत्रातील एक ओळ झाली आहे. स्थळ लवकर आले तर तीही अनावश्यक ठरते. किमान वय एकवीस करणारे विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आले आणि 2024 मध्ये ती लोकसभा बरखास्त होताच निरस्त झाले. ते संमत झाले असते तरी वयाची अट तेवढी वाढती, आईबापांचा हिशेब पालटला नसता.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील आईबापांना माझी विनंती आहे : मुलीचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागून तिचा पहिला पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होईपर्यंत तिची पत्रिका कोणाच्याही हाती देऊ नका.