दसऱ्याला फूल वाहिलं, पण टाकी रिकामी केली का?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदशेकणी करतो. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतो. दसऱ्याला ब्रश कटरलाही हळद-कुंकू लावून झेंडूचं फूल वाहतो. पण पूजा झाली की ती मशीन टाकीत अर्ध पेट्रोल असतानाच कोपऱ्यात जाते, आणि पुढच्या जूनमध्येच बाहेर निघते. मग दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, मशीन काही चालू होत नाही. पहिल्या पावसानंतर वावरात कचरा वाढत असतो आणि तुम्ही मेकॅनिककडे नंबर लावून बसलेले असता.

सोयाबीन निघालं, धुरे साफ झाले, पराटीची वेचणी सुरू आहे. ज्यांचं मशीनचं काम संपलं, त्यांनी या आठवड्यात एक तास काढा.

*पेट्रोल टाकीत का ठेवायचं नाही?*

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. आपण घातलेलं टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनला ऑइलच मिळत नाही, आणि पिस्टन जाम होतो. पाणी बसलं नाही तरी जुनं पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर सोडतं. आतली रबरी पडदी कडक होते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रात्यक्षिकाची एक मशीन मी स्वतः टाकीत पेट्रोल ठेवून चार महिने विसरलो होतो. कार्बोरेटर उघडला तेव्हा आत डिंकासारखा थर होता, आणि पडदी बदलावी लागली.

*ठेवण्याआधी काय करायचं?*

१) मशीन पूर्ण थंड होऊ द्या. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढा. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. काढलेलं मिश्रण महिन्याच्या आत शेजाऱ्याच्या टू-स्ट्रोक मशीनला वापरा. धुऱ्यावर, नाल्यात ओतू नका. चूल पेटवायला तर अजिबात वापरू नका.

२) इंजिन थंड झालं की प्लग काढा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर इंजिन ठीक आहे. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. प्लगच्या छिद्रात चमचाभर टू-टी ऑइल टाका, वरून फडकं धरा आणि दोरी दोन-तीन वेळा हळू ओढा. आत गंज चढत नाही. मग प्लग परत बसवा.

३) एअर फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. कागदी असेल तर धुवू नका, हलकं झटका, फारच काळा झाला असेल तर बदला. आपल्याकडे खाणी आणि सिमेंटच्या ट्रकची धूळ रस्त्यालगतच्या वावरात सतत बसते. तिथे काम करणाऱ्यांनी हंगामात फिल्टर दर आठवड्याला बघा.

४) इंजिनच्या पंख्यांमध्ये अडकलेलं गवत ब्रशने काढा. पाण्याचा फवारा मारू नका.

५) पात्याजवळच्या गिअरमध्ये ग्रीस भरा. पातं काढताना लक्षात ठेवा, बहुतेक मशीनवर तो नट उलट्या आटीचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सैल होतो. जोर करून नेहमीसारखा फिरवाल तर आटी जाईल. पातं पुसून तेलाचा हात फिरवा आणि कागदात गुंडाळा. *तडा गेलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नका.* चालू मशीनवर तुटलं तर तुकडा कुणाच्या पायात घुसेल ते सांगता येत नाही.

६) नायलॉनची दोरी टिनाखाली ठेवू नका. आपला उन्हाळा तिला सुकवून ठिसूळ करतो. वापरायच्या आदल्या दिवशी पाण्यात भिजत घाला, ती पुन्हा लवचिक होते आणि वारंवार तुटत नाही.

फोर-स्ट्रोक मशीनवाल्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. इंजिनचं ऑइल वेगळं असतं, ते ठेवण्याआधी बदला. मशीन इंजिन खाली करून उभी किंवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवा, उलटी टांगू नका.

*कुठे ठेवायची? हा भाग नीट वाचा.*

भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरातच ठेवतो. खोली छतापर्यंत भरलेली असते, आणि त्याच खोलीत कोपऱ्यात मशीन आणि पेट्रोलची कॅन. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत चुलीपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत जाते. एक ठिणगी पडली की वर्षाची कमाई आणि घर, दोन्ही गेलं. म्हणून मशीन आणि कॅन कापसाच्या खोलीत नको, तणसाच्या ढिगाजवळ नको, चुलीजवळ नको. खताच्या पोत्यांजवळही नको, युरियाच्या सान्निध्यात लोखंड लवकर गंजतं. कोरड्या, हवेशीर जागी भिंतीला टांगा, लेकरांचा हात पोचणार नाही अशी. उंदीर पेट्रोलची रबरी नळी कुरतडतात, महिन्यातून एकदा नजर टाका.

*जंगलाला लागून वावर असलेल्यांसाठी*

ऑक्टोबर २०२० मध्ये आरटी-१ वाघ जेरबंद होईपर्यंत राजुरा तालुक्याने काय दिवस काढले, ते तुम्हाला सांगायला नको. ब्रश कटरचा एक मोठा फायदा म्हणजे माणूस उभा राहून काम करतो. मशीन ऐन धुऱ्यावर बंद पडली की हातात विळा येतो, आणि वाकून बसलेला माणूस वाघाला सावजासारखा दिसू शकतो. म्हणून जंगलकडेला न्यायची मशीन घरीच चालू करून बघा. बंद पडलीच तर काम थांबवा, विळा घेऊन बसू नका. इंजिनच्या आवाजात मागची चाहूल कळत नाही. सोबत दुसरा माणूस ठेवा, त्याचं काम फक्त आजूबाजूला बघण्याचं. दिवस नीट उगवल्यावर जा, संध्याकाळी थांबू नका.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा काळ. तेव्हा मशीन वापरलीच तर गरम सायलेन्सर वाळल्या गवतावर ठेवू नका. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड असू द्या.

*जूनमध्ये काढताना*

पेट्रोल ताजं घ्या, पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिसळा. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघा: १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २० मिली. झाकणाने अंदाज करू नका, नवी सिरिंज घ्या आणि ती फक्त याच कामाला ठेवा. चालू करण्याआधी पात्याचा नट आणि पात्यावरचं गार्ड घट्ट आहे का ते बघा. गार्ड काढून मशीन चालवू नका. डोळ्याला चष्मा, पायात बूट हवेच.

एका तासाचं काम आहे. आज संध्याकाळी मशीन बाहेर काढा आणि आधी टाकी बघा. प्लगचा रंग कळला नाही, नट निघत नसेल, तर फोटो काढून याच नंबरवर पाठवा. नाहीतर बाजाराच्या दिवशी मशीनच घेऊन या, सोबत बसून उघडू.

तुमच्या घरी कापूस कुठे आणि मशीन कुठे आहे, तेवढं आज नक्की बघा.