सुरमा विकणाऱ्या बांधवांसाठी

आम्ही कापडाच्या धंद्यातले. पण आमच्या शेजारी सुरमा, काजळ, मध विकणारे बांधव पुष्कळ. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

माल कोणत्या कायद्यात बसतो हे त्यावरच्या दाव्यावरही ठरते. 'डोळे सुंदर दिसतात' म्हटले तर सुरमा सौंदर्यप्रसाधन. 'डोळ्यांचा रोग जातो' म्हटले की तोच औषध. दोन्हींना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो आणि ते बनवायला परवाना लागतो. प्रसाधनात रंगासाठी शिसे वापरण्यास मनाई आहे. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ सुरम्यांत मात्र शिसेच असते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

मध आणि ताकदीच्या पावडरी, म्हणजे सप्लिमेंट, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात येतात. पाकिटावर १४ आकडी क्रमांक पाहावा. 'रोग बरा होतो' असा दावा त्यांवर चालत नाही.

महाराष्ट्रात ही तपासणी अन्न व औषध प्रशासन करते. सुरमा कोणाकडून घेतला, हे निरीक्षकाने विचारल्यास दुकानदाराला सांगावेच लागते. परवानाधारकाचे पक्के बिल हा त्या वेळी पहिला आधार. दोन पैसे स्वस्त मिळतो म्हणून बिनबिलाचा माल घेऊ नये.